सहाच शब्द बोलतो. थांबू की दाखवू?

प्रश्न : माझा मुलगा 22 महिन्यांचा आहे. आई, बाबा, माय (आजीला), दे, नाय आणि पा (पाणी) एवढे सहाच शब्द बोलतो. बाकी सगळं बोट दाखवून, नाहीतर हात धरून ओढत नेऊन. गाडी दिसली की 'डुर्र' करतो, पंखा लावायचा असला की वर बघून 'फॅ फॅ' करतो, पण शब्द नाहीत. 'चप्पल आण' म्हटलं की आणतो. कधी हाक मारली की लगेच वळतो, कधी तीनदा हाक मारली तरी ढिम्म. पावसाळ्यात सर्दी आणि कानदुखीनं फार बेजार होता. जन्मल्यावर कानाची मशीनवर तपासणी झाली होती, ती नॉर्मल होती. जावेची मुलगी त्याच्याहून लहान, ती वाक्यं बोलते. सासूबाई म्हणतात, त्याचे पप्पाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते, मुलगे उशिराच बोलतात. शेजारच्या काकू म्हणतात, जिभेखालची शीर कापून घ्या. सासू-सासरे धुळ्याचे, ते त्याच्याशी अहिराणीत बोलतात; मी आणि हे मराठीत. प्लेग्रुपच्या मॅडम म्हणाल्या, दोन-दोन भाषांनी मूल गोंधळलंय, घरात इंग्रजीच बोला. म्हणून जेवताना मोबाईलवर इंग्रजी बालगीतं लावून देते, निदान शब्द कानावर पडतील. मी थांबू की डॉक्टरांना दाखवू? माझं काही चुकलं का?
— एक आई, नाशिक

उत्तर :

ताई, दाखवा. आणि आधी कान दाखवा. जिभेचा, भाषेचा, प्लेग्रुपचा विचार त्यानंतर.

पत्रातलं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. कधी लगेच वळतो, कधी तीनदा हाक मारली तरी ढिम्म. घरची माणसं याला हट्ट म्हणतात, किंवा 'आपल्याच तंद्रीत असतो' म्हणतात. असेलही. पण ज्या मुलाचा पावसाळा सर्दी आणि कानदुखीत गेलाय, त्याच्या बाबतीत दुसरी शक्यता आधी तपासायला हवी. कानाचा संसर्ग बरा झाला, ताप उतरला, ठणका थांबला, तरी पडद्यामागे चिकट पाणी साचून राहू शकतं. आठवडेच्या आठवडे, कधी काही महिनेसुद्धा. ते फारसं दुखत नाही, बाहेर वाहत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही. मूल बहिरं झालेलं नसतं. आवाज येतात, पण दबलेले, आणि रोज सारखे येत नाहीत. कुकरची शिट्टी ऐकू येते, स्वयंपाकघरातून हळू म्हटलेलं 'बाळा, ये' नीट पोचत नाही. मग आज वळतो, उद्या वळत नाही, आणि आपण म्हणतो लहरी आहे.

जन्माच्या वेळची तपासणी नॉर्मल होती, हे चांगलंच. पण त्यातून त्या दिवशीचा कान कळला. त्यानंतर 22 महिन्यांत सर्दी झाली, संसर्ग झाला, आणि काही मुलांची ऐकण्याची क्षमता जन्मानंतरही कमी होते. म्हणून पुन्हा तपासायचं. कान-नाक-घशाचे डॉक्टर पडदा बघतील, आणि ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, इम्पिडन्स तपासणी करतील. त्यात पडद्यामागे हवा आहे की पाणी हे दोन मिनिटांत कळतं, मुलाला टोचावं-झोपवावं लागत नाही. गरज वाटली तर झोपेत 'बेरा' करतात, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रावर बघतात. घरी मागून टाळी वाजवून बघणं ही तपासणी नव्हे. मुलं सावलीला वळतात, हवेच्या झोताला वळतात, समोर बसलेल्या आजीचे डोळे कुठे गेले तिकडेही वळतात.

आता शब्द. तुम्ही सहा मोजलेत, मी आठ मोजते. 'डुर्र' आणि 'फॅ' हेही शब्दच आहेत. ठरावीक आवाज, ठरावीक अर्थ, आणि तो मूल आपणहून पुन्हा पुन्हा त्याच गोष्टीसाठी काढतं, एवढं जमलं की आम्ही त्याला शब्द म्हणतो. उच्चार पक्का असण्याची अट नाही. 'पा' चालतो तर 'फॅ'नं काय घोडं मारलंय? फ्रिजवर एक कागद लावा आणि घरातल्या सगळ्यांना त्यावर लिहायला सांगा. आजोबांबरोबर गॅलरीत असताना तो काहीतरी म्हणत असेल जे तुमच्या कानावर कधी आलंच नाही. अहिराणीतलं असेल तर तेही लिहायचं. दोन भाषांतल्या मुलाचे शब्द दोन्ही भाषा मिळून मोजतात. एकाच भाषेत मोजले की ते उगाच मागे दिसतं.

तरीही, दहा-बारा निघाले तरी ते कमी आहेत, हे मी लपवणार नाही. दोन वर्षांच्या आसपास मुलांकडे साधारण 50 शब्द असतात आणि ती दोन शब्द जोडायला लागतात: 'आई ये', 'दूध नको', 'बाबा गेले'. अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं, 2022 साली मुलांच्या वाढीचा आपला तक्ता सुधारला तेव्हा 50 शब्दांची पायरी अडीच वर्षांवर ठेवली, दोन शब्द जोडण्याची मात्र दोन वर्षांवर. 'सवलत मिळाली' असं वाचून पुष्कळ पालक निवांत झाले. खरं तर त्या तक्त्यात तेच घेतलंय जे चारातली किमान तीन मुलं त्या वयात करतात. म्हणजे तो मुद्दाम सैल आहे, आणि त्यातही बसलं नाही तर थांबू नका असाच त्याचा अर्थ. दोन वर्षांच्या शंभर मुलांत दहा-पंधरा अशी उशिरा बोलणारी असतात. त्यांतली बरीच तीन-चार वर्षांपर्यंत आपोआप बरोबरीला येतात. अडचण एवढीच, की कोणती येतील हे दोन वर्षांच्या मुलाकडे नुसतं बघून मला सांगता येत नाही, आणि जे सांगतात त्यांनाही येत नाही.

शब्दांच्या संख्येपेक्षा मला तुमच्या पत्रात बोट जास्त महत्त्वाचं वाटलं. तो बोट दाखवतो असं तुम्ही लिहिलंय. कशासाठी? डब्यातलं बिस्कीट हवंय म्हणून बोट दाखवणं वेगळं, आणि आभाळात विमान दिसलं म्हणून 'बघ ना' असं बोट दाखवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात त्याला काहीच नको असतं. आपण पाहिलं ते तुम्हीही पाहावं, एवढंच हवं असतं. विमानाकडे बोट, मग मान वळवून तुमच्या तोंडाकडे बघणं, मग पुन्हा विमान. मुलं साधारण वर्षाच्या सुमारास हे करायला लागतात आणि भाषा यावर उभी राहते, कारण तुम्ही 'विमान' म्हणता तेव्हा दोघांची नजर एकाच गोष्टीवर असते. तुमचा मुलगा हे करत असेल तर मला निम्मा दिलासा. तो फक्त हात धरून ओढत नेत असेल, तुमच्या तोंडाकडे क्वचितच बघत असेल, टाटा-नमस्कार करत नसेल, भातुकलीतला खोटा चहा पीत नसेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. या वयात स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) चाचपणीसाठी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली असते. ती भरून घेतली म्हणून मुलावर शिक्का बसत नाही. आणि आधी येत असलेले शब्द किंवा हावभाव जर गेले असतील, तर कोणत्याही वयात, एक दिवसही न थांबता दाखवायचं.

'चप्पल आण' हेही नीट करून बघा. आपण म्हणताना चपलेकडे बघतो, हात करतो, बाहेर जायचे कपडे घातलेले असतात. मूल भाषेशिवायच सगळं ओळखतं, हुशार असतात ती. एकदा दुपारी, कुठेच जायचं नसताना, त्याच्याकडेच बघत सांगा, 'बाबांची चप्पल आण'. मग 'चेंडू आजोबांना दे'. हे जमलं तर त्याच्या डोक्यात भाषा भरपूर साठलीय, बाहेर पडायची राहिलीय. ही फार चांगली खूण आहे.

आता घरचे आणि शेजारचे सल्ले. सासूबाईंचं अर्धं खरं आहे. उशिरा बोलणं घराण्यात चालतं, पण म्हणूनच ती तपासणीला जाताना सांगायची माहिती आहे. थांबायचं कारण नव्हे. तुमच्या यजमानांना विचारा, बोलायला लागल्यावर पुढे वाचन-लेखन, धडे पाठ करणं जड गेलं का? शंभरातल्या साधारण सात मुलांना भाषेची अडचण शाळेतही राहते, आणि घरात कुणाला ती असेल तर जास्त लक्ष ठेवायचं. मुलगे मुलींपेक्षा उशिरा बोलतात हेही खरं, पण किती? सरासरीत महिना-दोन महिन्यांचा फरक. वर्षभराची सूट त्यात मिळत नाही. जिभेखालची शीर घट्ट असली तर तान्ह्या बाळाला अंगावर पिताना त्रास होऊ शकतो, पुढे एखादा उच्चार अडू शकतो. पण शब्दच न येणं त्यानं होत नाही. काकूंना चहा पाजा, शीर कापू नका. आणि जावेच्या मुलीचं नाव या विषयात पुन्हा काढू नका, विशेषतः त्याच्यासमोर.

मॅडमचं म्हणणं मात्र मला खोडूनच काढायचंय, कारण ते दर आठवड्याला कुणीतरी मला येऊन सांगतं. दोन भाषांनी मूल उशिरा बोलत नाही. जगातली निम्मी नाही तरी निम्म्याच्या जवळपास मुलं दोन-तीन भाषांत वाढतात, आणि आपल्याकडे बेळगाव, सोलापूर, नागपूर, पणजी कुठेही बघा, आजी एका भाषेत रागावते आणि गल्ली दुसऱ्या भाषेत खेळते. बाळांचे कान तर त्यासाठीच बनलेत. व्हँकुव्हरमध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली दाखवलं, की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं आपल्या 'त' आणि 'ट'मधला फरक सहज ओळखतात. मोठ्या इंग्रजी माणसाला तो ऐकूच येत नाही. पण दहा-बारा महिन्यांपर्यंत त्या बाळांचंही ते कसब जातं, कारण आसपास कुणी तसे आवाज काढत नाही. तुमच्या मुलाच्या आसपास दोन बोल्यांचे आवाज आहेत, आणि ते त्याला जिवंत माणसांच्या तोंडून मिळताहेत.

म्हणून आजीनं अहिराणीतच बोलायचं. 'आठे ये' म्हणून तिनं हात पसरले की तो धावत जातो ना? ज्या भाषेत माणूस लाड करतो, रागावतो, गोष्ट रंगवून सांगतो, तीच भाषा मुलाला द्यावी. जी भाषा घरात कुणाला सवयीची नाही तिच्यात बोलायला लागलं, की 'कम हिअर, ईट धिस, नो बेटा' अशी चार तुकडी वाक्यं उरतात. गप्पा, चेष्टा, गोष्टी बंद होतात. उद्या तपासणीत खरंच काही निघालं, तरीही भाषा कमी करायची गरज नसते. भाषेची अडचण असलेली मुलंही दोन भाषा शिकतात, आणि एक काढून घेतल्यानं दुसरी लवकर येत नाही. मॅडमना एवढंच सांगा: डॉक्टरांनी घरची भाषा चालू ठेवायला सांगितलंय. शाळेतलं इंग्रजी शाळेत येईल.

मोबाईलवरची गाणी मात्र बंद करा. तुमचा हेतू मला कळतो, पण शब्द नुसते कानावर पडून या वयात भाषा येत नाही. सिएटलला पॅट्रिशिया कूल यांनी 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरात फक्त इंग्रजी असलेल्या नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत चिनी माणसं भेटली. ती खाली बसून बाळांशी खेळली, पुस्तकं दाखवली, चिनीतच बोलली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तीच पुस्तकं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. तिसऱ्या गटाला फक्त आवाज ऐकवला. पहिल्या गटातली बाळं चिनी आवाजांतले बारकावे जवळजवळ तैवानच्या बाळांइतके ओळखायला लागली. टीव्हीवाली आणि आवाजवाली? काहीच शिकली नाहीत. टीव्हीकडे बघत होती, रमलेली दिसत होती, पण पदरात काही पडलं नाही. टीव्हीतली बाई बाळ कुठे बघतंय ते बघून थांबत नाही, त्यानं 'आं' केलं तर 'हो का?' म्हणत नाही. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको असाच आहे. नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल याला अपवाद; धुळ्याची आत्या फोनवर 'डुर्र' केलं की उलट 'डुर्र' करते, तेव्हा खुशाल लावा.

मग जेवताना काय? पहिले चार-पाच दिवस रडारड होईल, दोन घास कमी जातील. जाऊ द्या.

आणि करायचं काय, तर एक प्रसंग नीट पकडू, बाकीचे तुम्हाला आपोआप सुचतील. त्याला तहान लागते. तो तुमचा पदर धरून माठाकडे नेतो आणि 'पा' म्हणतो. बहुतेक घरांत काय होतं? तो माठाकडे बघायच्या आतच आजीनं पेला पुढे केलेला असतो. प्रेमच ते, पण त्यात त्याला बोलायची गरजच पडत नाही. उद्यापासून असं करा: माठापाशी त्याच्या उंचीला खाली बसा, पेला हातात घ्या, त्याच्या तोंडाकडे बघा आणि गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. ही दहा सेकंदं तुम्हाला फार लांब वाटतील. आपल्याला बोलल्याशिवाय राहवत नाही आणि मुलाला बोलायला वेळ लागतो, सगळी मेख तिथेच आहे. त्यानं 'पा' म्हटलं, नुसता आवाज काढला, डोळ्यांत बघितलं, काहीही केलं, की लगेच 'पाणी! पाणी हवंय. गार पाणी' म्हणत घोटभर द्या. घोटभरच. म्हणजे त्याला पुन्हा मागावं लागेल. दुसऱ्यांदा 'अजून? अजून पाणी'. त्याच्या एका शब्दाला तुमचा एक जास्त, एवढंच सूत्र. 'पा नाही, पा-णी म्हण, म्हण ना, म्हटल्याशिवाय देणार नाही' हे मात्र अजिबात नको. पाण्यासाठी परीक्षा द्यायला लागली की मुलं मुकाट नळाखाली तोंड धरायला शिकतात.

याच तऱ्हेनं पोळ्या लाटताना कणकेचा गोळा द्या, मटार सोलताना शेंग अर्धी उघडून द्या, मोजे घालताना मुद्दाम त्याच्या हातात घाला आणि थांबा. 'हे काय? हे काय? सांग' हे प्रश्न निम्म्यावर आणा. त्याऐवजी तो बघतोय त्याचं नाव घ्या. निवड द्यायची, 'केळं की चिकू?', दोन्ही हातात धरून. तळहातावर बोट फिरवून गुदगुल्या करायचे जे खेळ आजीला येतात, ते रोज खेळा आणि शेवटच्या ओळीच्या आधी थांबा. ती ओळ त्याच्याकडून येईल, आवाजानं नाहीतर हसण्यानं. भूभू, माऊ, चिऊ, हम्मा, बाऊ, भुर्र हे बोबडे शब्दही बिनधास्त वापरा. ते सोपे आहेत, आवाजांवरून आलेत, मुलांच्या तोंडात लवकर बसतात. वाटलं तर पुढे जोड द्या: 'भूभू! कुत्रा आला.' यजमान रात्री येत असतील तर रविवारची आंघोळ त्यांच्याकडे द्या. पाणी, साबण, डोळे, पाठ, गरम, बस्स, अजून: शब्दांची चंगळ असते तिथे, आणि मोबाईल न्यायची सोय नसते.

तुमचं काही चुकलेलं नाही. उशिरा बोलण्याला आईनं केलेलं किंवा न केलेलं काही एक कारण असतं, असं मी तरी मानत नाही.

कान बघून झाले की, निकाल काहीही आला तरी, वाचा-उपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का ते विचारा. हल्ली दहा दिवसांचा ऑनलाइन कोर्स करूनही लोक पाट्या लावतात. या वयात चांगला तज्ज्ञ मुलाला टेबलाशी बसवून 'अ आ' म्हणवून घेत नाही, तुम्हालाच शिकवतो. खासगी खर्च जड जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. 2013 साली तो आपल्याच पालघरहून सुरू झाला. ऐकण्याची अडचण आणि भाषेतला उशीर दोन्ही त्यात येतात आणि तपासणी-उपचार मोफत असतात. अंगणवाडी ताईंना विचारा, किंवा थेट जिल्हा रुग्णालयात जाऊन 'डीईआयसी कुठे आहे' म्हणून विचारा; लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं ते केंद्र.

जाताना फ्रिजवरचा कागद न्या, आणि घरी खेळताना काढलेला दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ न्या. त्याला कळू न देता काढलेला, आजीबरोबरचा असेल तर उत्तम. नव्या खोलीत, पांढऱ्या कोटासमोर बरीच मुलं तोंडच उघडत नाहीत, आणि मग आई बिचारी 'घरी बोलतो हो' म्हणत राहते.